आबांनी पाठवलेला अंगठा

ती केस मी विसरलेलो नाही, कारण ती मला अजून नीटशी कळलेलीच नाही. खून, दरोडा, बांधावरची मारामारी यांचा एकदा उलगडा झाला की पोलीस फाईल बंद करतो आणि जेवायला जातो. ही फाईल बंद झाली, पण माझं डोकं काही शांत झालं नाही.

तेव्हा मी वेल्ह्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, इतक्यात विंझरकडचे एक शेतकरी नवरा-बायको आले. त्यांची बावीस वर्षांची मुलगी वरव्याजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला होती आणि मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. दर रविवारी ती एसटीने घरी यायची. गेले तीन रविवार आली नव्हती. खोली सोडलेली, काम सोडलेलं, फोन उचलत नव्हती. मेसेज तेवढे येत होते.

बापाने पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, "मी सुखरूप आहे. कृपया माझा शोध घेऊ नये. मला थोडा वेळ हवा आहे."

"साहेब, ह्ये माज्या पोरीनं लिवलेलंच न्हाई," बाप म्हणाला. "'आबा, जेवला का न्हाई तुमी?' असं बोलती ती. कृपया म्हंजी काय, ह्ये तरी तिला म्हाईत हाय का?"

आई पदराने डोळे पुसत होती. "कुनीतरी तिचा मोबाईल काढून घेतलाय ओ. लगीन ठरलंय तिचं. पोर जित्ती हाय का, तेवढं सांगा."

मला त्यांचं म्हणणं पटलं. खेड्यातली पोर असलं सरकारी मराठी लिहील कशाला? दुसराच कोणी तिच्या नावाने लिहितोय, असं मी ठरवूनच टाकलं. मिसिंगची तक्रार दाखल केली, मोबाईलचं लोकेशन मागवलं. ते हायवेला शिवऱ्याच्या आसपास दाखवत होतं. तिथल्या एका चहावाल्याशी माझी जुनी ओळख होती. त्याने खबर दिली की अशी एक मुलगी रोज सकाळी कामगारांच्या टेम्पोत चढते. टेम्पोवाल्याला मी ठाण्यात आणवला.

"मुलगी कुठं ठेवलीस?" मी टेबलावर हात आपटला.

"ठेवली? कामावर हाय की ओ, साहेब!" बिचारा घामाघूम झाला. त्याने स्वतःच मोबाईल काढला. "मी पाच मिनिटे उशिरा येत आहे. कृपया थांबावे." तिचे असे दहा-बारा मेसेज होते.

"हे तीच लिहिते कशावरून?"

"माज्या म्होरं हुबी ऱ्हाऊन लिवती! उद्या येनार का इचारलं, तरी त्वांडानं बोलत न्हाई, मोबाईलवर लिवून दावती."

माझा सगळा तर्क आडवा झाला. दोन तासांत महिला कॉन्स्टेबल त्या मुलीला घेऊन आली. आईने तिला गच्च मिठी मारली. बाप मटकन बाकावर बसला. मुलगी सज्ञान होती, आपल्या मनाने गेली होती, नवी नोकरी करत होती. माझं काम तिथेच संपलं होतं. पण मी विचारलं, "मग घरी जाणं का बंद केलंस?"

ती म्हणाली, "आबांनी फसवलं मला."

"म्या?" बाप उठून उभा राहिला.

तिने बापाच्या मोबाईलकडे बोट केलं. मी तो हातात घेऊन जुने मेसेज चाळले. महिन्यापूर्वीचा एक लांबलचक मेसेज सापडला. "आदरणीय बाबा, विवाह हा आयुष्यातील महत्त्वाचा निर्णय असतो," अशी सुरुवात होती, आणि पार शेवटी, "मला हा विवाह मान्य नाही." त्याखाली बापाने नुसता अंगठा पाठवला होता.

"आंगठा दिला हुता तुमी," ती म्हणाली. "कागदावर आंगठा दिला की कबूल असतंय ना? मंग आटवड्यानं सुपारी कशी फोडली?"

"आगं, मला वाटलं कुनाचा तरी सुविचार म्होरं धाडलायस!" बाप कळवळून म्हणाला. "दोन वळी वाचल्या आन आंगठा दाबला. सकाळी उठून समद्यांना त्योच दाबतो म्या!"

हसावं की रडावं, मला कळेना. मी तिला म्हणालो, "अगं, साधं लिहायचं होतंस."

"साधं लिवलं की अडानी वाटतं, साहेब. आन खरं सांगू का, मोबाईलवर लिवताना मला समदं सुचतं. आबांच्या म्होरं कायबी सुचत न्हाई."

मग खरी मुलगी कोणती? मेसेजमधली की समोरची? मी तिच्या हातातला मोबाईल काढून ड्रॉवरमध्ये टाकला. "आता बोल," म्हणालो.

तिने एकदा ड्रॉवरकडे बघितलं. मग एका दमात म्हणाली, "आबा, मला न्हाई करायचं त्ये लगीन."

सुपारी फुटलेली, भावकीत सांगून झालेलं. बापाच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं. तरी तो म्हणाला, "मंग न्हाई करायचं. म्या जातो सांगाय त्येंना."

हवालदाराने जबाब लिहिला आणि मी वाचून दाखवला. "सदर विवाहास माझी संमती नसल्याने मी स्वखुशीने घरी जाणे बंद केले."

बाप पुढे वाकला. "साहेब, ह्ये कुनाचं वाचलं?"

मला लाज वाटली. उभ्या नोकरीत मी माणसांचं बोलणं असंच पुसून, वर त्यांच्याच सह्या घेतल्या होत्या. त्या पोरीला मी काय शिकवणार? लोकांना सांगतो, मोबाईल ठेवा, समोरासमोर बोला. पण समोर तिला सुचत नव्हतं, आणि लिहिलेलं बापाला तिचं वाटत नव्हतं. यातून काय शिकायचं, ते मला आजही धड सांगता येत नाही.

मी हवालदाराला म्हणालो, "पुन्हा लिही. ती बोलली तस्सं."

त्याने लिहिलं. मुलीने तो कागद दोनदा वाचला आणि सही करता करता थांबली.

"साहेब, तेवढं 'नाही' करा की. 'न्हाई' बरं दिसत न्हाई."

मी 'न्हाई'वर काट मारली, वर 'नाही' लिहिलं आणि खाडाखोडीवर तिची सही घेतली.