कुलूप नसलेला नकाशा

एव्हरशाईन सिटीतला हा माणूस रविवारी सायकल ढकलत आमच्या वटारला येतो आणि दिसेल त्याला विचारतो, "या बावखलाला काय म्हणता?" बावखल म्हणजे आमची गावतळी. त्यांची नावं तो मोबाईलवरच्या खुल्या नकाशात भरतो. वटारची सगळी माझ्या बायकोने सांगितली. तिच्या माहेरची, गासची, सांगायच्या आधी ती गेली.

मग एका सहलवाल्याने तोच नकाशा घेतला, त्यात गासची बावखलं भरली आणि आपल्या ॲपात कुलूपबंद केली. तो सहलवाला माझ्या ओट्यावर टेकला असताना हा सायकलवाला त्याला म्हणाला, "विका, कमवा. पण खुल्या नकाशात भर घालून लोकांना दिलीत, तर ती भरही खुलीच ठेवायची. नकाशाची अटच आहे तशी."

"मेहनत माझी आहे."

"आणि वटारची नावं काकींची. त्यांनी कुलूप लावलं होतं का?"

याने आवाज चढवला नाही, पण हो म्हणेपर्यंत त्याला उठूही दिलं नाही. असला चिकट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या रविवारी याने खुला नकाशा उघडून मोबाईल माझ्यापुढे धरला. गासला तिच्या बापाच्या घरामागचं बावखल नावानिशी आलं होतं. मी अक्षरं जुळवत ते मोठ्याने वाचलं. आत ऐकायला कोणी नव्हतं, तरी मोठ्यानेच वाचलं.