हिरव्या काचेचं रान

आमच्या गावच्या जहागीरदाराला दिवाणखान्याला रंगीत काचेची खिडकी हवी होती, म्हणून त्यानं हैदराबादेहून एक इटालियन कारागीर बोलावला. मी तेव्हा सत्याग्रहाची शिक्षा भोगून आलो होतो आणि पत्रकं लिहीत होतो. ती संस्थानाच्या हद्दीपलीकडं छापून कडब्याच्या पेंढ्यांत दडवून आणावी लागत. गाडीवानापासून कुंभारापर्यंत सगळे या खिडकीच्या वेठीला जुंपलेले. मला मजकूर पाहिजे होता, म्हणून जहागीरदाराच्या देवडीत, त्याच्या वाड्यावर जाऊ लागलो.

इटालियन पन्नाशीचा. बाप, आजा काच फुंकणारे. याला दमा, म्हणून हाती नळीऐवजी पेन्सिल आली. जहागीरदारानं खिडकीवर पोपट सांगितले होते. यानं शिवारात हिंडून ज्वारीचं उभं रान काढलं. जहागीरदार चिडला, तेव्हा शांतपणे म्हणाला, "पोपट हैदराबाद में बहुत देखा." मला माणूस आवडला. पत्रकात ते लिहिलं नाही.

ज्वारीला हिरवी काच लागते. युद्धामुळं तिची पेटी मुंबईच्या बंदरातच अडकली. मग हुकूम सुटला, गावच्या कासारणीनं फुटक्या हिरव्या बांगड्या पुरवाव्यात. मातीनं लिंपलेल्या पत्र्यावर तो त्या कुंभाराच्या भट्टीत वितळवी, सावकाश निवू देई, कापी आणि शिशाच्या पट्टीत बसवी. तडकली की परत भट्टीत. आठ दिवसांत कासारणीकडचे तुकडे संपले, रान अजून अर्धंच.

एकदा भट्टीजवळ कासारीण मला हसत म्हणाली, "बापू, आता नदीवरच्या आणायलेय."

नवरा मेलेल्या बाईचा चुडा आमच्याकडं नदीकाठी फोडतात. त्या तुकड्यांना कुणी शिवत नाही.

"मावशे, नदीवरच्या?"

"मग काय करू? न्हाई आणल्या तर शिपाई दारात. आगीत गेल्यावर काचंला कोण नवरा अन् कोण काय! पर कुणाला बोलू नको. मला लोकाच्या हातात बांगड्या भरायच्यात."

नाही बोलणार, म्हणालो.

पंधरा दिवसांनी, खिडकी नुकतीच बसली होती तेव्हा, पत्रक गावात आलं. मथळा ठळक: 'विधवांच्या चुड्यांचा महाल!' जुलमाचं इतकं उघडं उदाहरण मी सोडणार नव्हतो. तिचं नाव घातलं नव्हतं. गावात कासारीण एकच होती.

जहागीरदारानं खिडकी उखडून ओढ्यात फेकली आणि तिथं सागवानी फळ्या ठोकल्या. त्याचं एवढंच बिघडलं. इटली युद्धात उतरल्यावर पोलीस इटालियनाला घेऊन गेले. चित्रांच्या कागदांची गुंडाळी तेवढी त्यानं काखेत मारली.

बायांनी कासारणीकडून बांगड्या भरणं बंद केलं. नागपंचमी आली तरी तिची टोपली कुणी उतरवून घेतली नाही. आदल्या दिवशी ती आमच्या ओसरीवर आली. मी तिथंच बसलो होतो. माझ्याकडं न बघता आईला म्हणाली, "वैनी, हात द्या. पत्रकवाल्याच्या घरून सुरू झालं तर बाकीच्या बी भरतील."

"माझ्या हातात हायत की," आई म्हणाली. हातात एकेकच होती.

"आई, भर," मी म्हणालो.

"तू लिही. तुला लिहायलाच येतंय." आईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

टोपली डोक्यावर द्यायला मी उठलो.

"राहू द्या, साहेब," कासारीण म्हणाली. तिनं एकटीनंच ती उचलली.

पोळ्याआधी ती घर मोडून ताडकळसला भावाकडं गेली. आमच्या गावच्या बाया आता बांगड्या भरायला बोरीला जातात.