वरच्या मजल्याची लाइन

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपली. ऑफिस बंगळूरच्या एका टोकाला व्हाइटफील्डला, घर दुसऱ्या टोकाला यशवंतपूरला. जाऊन येऊन चार तास बसमध्ये. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू द्याल का, असं मी साहेबांना विचारलं.

ते हसले. "घरी काय ऑफिसचं नेटवर्क येणार आहे? आमचा प्रोग्राम तुमच्या मोडेमवरून उतरायलाच दिवस जाईल. राजीनामा द्या, सन्मानाने जा."

"आठवडाभर द्या मला, घरून करून दाखवते," मी म्हटलं. "बघा करून," म्हणत त्यांनी खांदे उडवले.

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. फोनवरून चालणारा मोडेम मुंगीच्या पावलांनी काम करायचा. पण दोन मोडेम, दोन फोन लाइनींवरून एकाच वेळी ऑफिसला जोडले तर वेग जवळजवळ दुप्पट होतो, हे मला माहीत होतं. ऑफिसातली तशी सोय मीच बसवली होती. दुसरा मोडेम मैत्रिणीकडून आणला. दुसरी लाइन मात्र नव्हती.

वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळूरात, त्यामुळे बोलताना 'बरं'ला 'सरी', 'जरा'ला 'स्वल्प' असे कानडी शब्द यायचे. मी विचारताच मालक म्हणाले, "होणार नाही. दुपारी आमच्या मुलीचा फोन येतो."

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. त्या आतून म्हणाल्या, "मुलगी रविवारी करते फोन. तू वायर घेऊन ये गं, सरी?"

वायर त्यांच्या खिडकीतून आमच्या गॅलरीत सोडली. पहिल्या दिवशी दोन्ही मोडेम किंचाळले, जोडले गेले आणि दहा मिनिटांत एक तुटला. वर मालकांनी फोन चालू आहे का बघायला रिसीव्हर उचलला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून अक्का फोनवर टॉवेल टाकून शेजारी शेंगा निवडत बसल्या. मालकांचा हात पुढे आला की म्हणायच्या, "स्वल्प थांबा, पोरीचं काम चाललंय."

शुक्रवारी काम संपवून मी मोडेम बंद केले. लगेच माझा फोन वाजला.

"दोन तास एंगेज!" साहेब कडाडले. "गप्पा मारायला घरी बसायचंय का तुम्हाला?"

"फोन तुमच्याच ऑफिसला लागला होता, सर. एक नाही, दोन. तुमच्या मशीनवर बघा, आठवड्याचं काम पोचलंय. आजच पूर्ण झालं."

पलीकडून कळा दाबल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सोमवारी या. बोलू."

सोमवारी त्यांनी कागद पुढे केला. तीन दिवस घरून कामाची परवानगी, 'महिला कर्मचाऱ्यास विशेष सवलत म्हणून'. मी पेन घेतलं, ती सवलतीची ओळ खोडली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"सवलत नको, सर. काम केलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही नजर हलवली नाही. शेवटी त्यांनी खोडलेल्या ओळीशेजारी सही केली.