कडुलिंबाखालचं ग्रहण

"हाथ मेरा, बात तुमारी."

चित्र काढून घ्यायला कुणीही आलं की आमचे उस्ताद आधी एवढं बोलून टाकत. बोलताना उजवा पंजा गिऱ्हाइकासमोर धरत आणि डाव्या हाताचं बोट त्याच्या तोंडाकडे दाखवत. म्हणजे चित्र चोख होईल, पण त्यात जे सांगितलंय त्याचा जाब मला विचारू नका. गिऱ्हाईक हसायचं. म्हातारा गमतीशीर आहे, असं त्याला वाटायचं.

नांदेडच्या इतवाऱ्यात तेव्हा एक शिळाछाप छापखाना होता. निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं चालली होती, पण ती शेवटची आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. उस्ताद तिथे दगडावर चित्रं काढत. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं सगळं उलटं काढायचं, म्हणजे कागदावर ते सुलटं उमटतं. जन्मभर हेच केल्यामुळे त्यांना सरळ गोष्ट दिसतच नाही, असं छापखान्याचे मालक म्हणायचे. मालकांना स्वतःला उलटसुलट काहीच दिसत नसे, फक्त काम वेळेवर झालं की नाही तेवढं दिसे.

सचित्र पुस्तकांची त्या काळी भलतीच हौस सुटली होती. ज्याला चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या तोही मुखपृष्ठावर 'सचित्र' असं छापून विद्वान होत असे. तुम्हीही अशी पुस्तकं जुन्या ट्रंकांमध्ये पाहिली असतील. मजकूर वाचवत नाही आणि चित्रं मात्र बघत राहावीशी वाटतात. ती चित्रं अशाच कुणा उस्तादाची असतात, आणि त्याचं नाव पुस्तकात कुठेही नसतं.

बिलोलीचे एक जोशीबुवा दरवर्षी पंचांग छापायला येत. ग्रहणाच्या पानावर त्यांना राहू लागायचा, तोही मागच्या वर्षीपेक्षा भयंकर.

"दात किती काढू?" उस्ताद विचारत.

"भरपूर."

"भरपूर म्हंजे बत्तीस का जास्ती?"

बुवांना यात थट्टा दिसत नसे. ते डोळे मिटून विचार करत आणि म्हणत, "छत्तीस."

"आन् बुवा, राहूला धड न्हाई ना? मग गिळलेला सूर्य जातो कुठं?"

"गळ्यातून बाहेर पडतो. म्हणून तर ग्रहण सुटतं," बुवा एखादा खटला जिंकल्यासारखे सांगत.

"मग सोपं हाय," म्हणून उस्ताद राहूच्या कापल्या गळ्याखाली एक गोल सूर्य काढून देत, नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा. बुवा खूश होऊन जात. ते पंचांग धर्माबादेपर्यंत घरोघरी खुंटीला लटकत असे.

स्वतःच्या मोहल्ल्यातल्या लोकांनाही ते सोडत नसत. एका बुजुर्गांना अजब गोष्टींची किताब छापायची होती. तीत पृथ्वी बैलाच्या शिंगावर होती आणि बैल मासळीच्या पाठीवर.

"मछली कशावर?" उस्तादांनी विचारलं.

"पानी पर."

"और पानी?"

"अंधेरे पर."

उस्तादांनी शाईची दौत उचलून आत डोकावून पाहिलं. "हजरत, अंधेरे को स्याही बहुत लगेगी."

बुजुर्गांनी खूप विचार करून थोडा अंधार कमी करायची परवानगी दिली.

हे मी मजेनं सांगतोय, कारण या दोघांना मी तेव्हा मनसोक्त हसत होतो. मी हैदराबादेहून बी.एससी. होऊन आलो होतो आणि गावातल्या एका खाजगी मराठी शाळेत विज्ञान शिकवत होतो. माझ्याएवढा शहाणा माणूस गोदावरीच्या अलीकडे नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. मुलांसाठी मराठीत एक विज्ञानाचं पुस्तक लिहून मी छापखान्यात गेलो. अर्थात सचित्र.

उस्तादांनी पंजा वर केला. "हाथ मेरा, बात तुमारी."

मला राग आला. "ही बात माझी नाही, उस्ताद. हे खरं आहे."

"जोशीबुवा बी असंच बोलले," ते शांतपणे म्हणाले आणि माझा कागद समोर ओढला.

कागदावर ग्रहणाची आकृती होती. इंग्रजी पुस्तकातून मी ती जशीच्या तशी उतरवली होती. डावीकडे सूर्य, मध्ये चंद्र, उजवीकडे पृथ्वी, आणि पृथ्वीवर पडलेली चंद्राची निमुळती सावली.

"हे कुनी पाह्यलं, मास्तर?"

"असं पाहता येत नाही. बाहेरून पाहिलं तर असं दिसेल."

"राहू बी कुनी पाह्यला न्हाई." त्यांनी चंद्रावर बोट ठेवलं. "आन् चांद एवढा मोठा असतो? सूर्याच्या बराबर?"

"नाही. पानावर मावावं म्हणून, सोयीसाठी तसं काढतात."

"बुवा बी दात सोयीसाठीच काढून घेतात," ते म्हणाले. बाजूला शाई घोटणारा कामगार तोंडावर फडकं धरून हसला. मी घरी आलो आणि अडाणी माणसाशी वाद घालू नये, असं ठरवून जेवलो.

पुस्तकाचा खर्च शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष करणार होते. ते वकील होते. त्यांना विज्ञान आवडायचं आणि धर्मही आवडायचा. दोन्हींपैकी काहीच न वाचल्यामुळे त्यांना दोन्हींत भांडण दिसत नव्हतं. माझी आकृती पाहून ते म्हणाले, "मास्तर, सायन्स पाहिजेच. पण लोकांची मनंही राखली पाहिजेत. एकाच पानावर दोन्ही द्या. इकडे राहू, तिकडे तुमचा चंद्र. खाली लिहा, आपल्या पूर्वजांनी हेच शास्त्र रूपकातून सांगून ठेवलंय."

रूपक हा शब्द लबाड माणसांच्या फार उपयोगी पडतो. मला तिथेच उठून जाता आलं असतं. पण शाळेची सरकारी इजाजत अध्यक्षांच्या ओळखीवर टिकून होती, अशी सबब मी स्वतःला दिली. खरं कारण इतकंच होतं की पुस्तकावर माझं नाव येणार होतं.

उस्तादांना मी नवं पान समजावून सांगितलं. त्यांनी राहूकडे पाहिलं, चंद्राकडे पाहिलं. "वकीलसाबनं दोगांचं लगीन लावून दिलं म्हना की," एवढंच बोलून ते दुसऱ्या कामाला लागले.

ते पान दगडावर चढायच्या आत खरंच ग्रहण आलं. सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी. खंडग्रास होतं. दोन दिवसांपासून पाऊस उघडला होता आणि आभाळ स्वच्छ होतं. अर्धं गाव नदीच्या घाटावर स्नानाला गेलं होतं आणि उरलेलं अर्धं दारं लावून आत बसलं होतं. मी काचेवर दिव्याची काजळी धरून ती छापखान्यात घेऊन गेलो. उस्तादांना एकदा दाखवायचंच, असं मनात होतं. दाखवायचं म्हणजे हरवायचं.

"किती ग्रहणं काढली तुम्ही?" मी विचारलं.

"गिनती न्हाई."

"आणि पाहिली किती?"

त्यांनी बोटांची शाई फडक्याला पुसली. मग म्हणाले, "एक बी न्हाई. अम्मा कोंडून ठेवायची. नंतर आदतच पडली."

छापखान्याच्या मागे फरसबंद अंगण होतं आणि त्यात एक मोठा कडुलिंब. तिथे उभं राहून त्यांनी काचेतून वर पाहिलं. मी राहू कुठे दिसतो का म्हणून विचारायच्या बेतात होतो.

"राहू न्हाई," ते स्वतःच म्हणाले. "पन तुमचा चांद बी दिसून न्हाई राहिला, मास्तर. सूर्याला कायतरी काळं लागलंय, बस."

काच मला परत देताना त्यांची नजर खाली गेली आणि तिथेच राहिली.

कडुलिंबाच्या पानांतून रोज फरशीवर उन्हाचे गोल कवडसे पडतात. त्या सकाळी एकही गोल नव्हता. सगळ्या अंगणभर चंद्रकोरीसारख्या कोरी सांडल्या होत्या, हजारो बारीक उजळ कोरी, एकीवर एक, सगळ्यांचं तोंड एकाच बाजूला. वारा आला की सगळ्या मिळून हलत आणि पुन्हा जागेवर येत. उस्तादांच्या पांढऱ्या सदऱ्यावर होत्या, दाढीवर होत्या. त्यांनी तळहात पुढे केला तर तळहातावरही तीन पडल्या.

"हे काय हाय, मास्तर?"

मला माहीत नव्हतं. बारीक भोकातून प्रतिमा पडते, हा धडा मी दरवर्षी फळ्यावर शिकवत होतो, परीक्षेत विचारत होतो, आणि माझ्या पायांवर पडलेली प्रतिमा मला ओळखता आली नाही. "पानांचा खेळ असेल काहीतरी," मी म्हणालो. "वर बघा, खाली काय बघताय."

त्यांनी ऐकलं नाही. आतून कागद आणला, फरशीवर पसरला, गुडघे टेकले आणि पेन्सिलीनं एकेक कोर गिरवू लागले. हळूहळू कोरी बारीक झाल्या, मग पुन्हा भरू लागल्या. त्यांनी माझ्याकडून काच घेऊन एक डोळा झाकून धरली, वरची कोर पाहिली, खालची पाहिली.

"ही उलटी हाय," ते म्हणाले. "वर तोंड एकीकडं, खाली दुसरीकडं. आपल्या दगडावानी." मग झाडाकडे पाहिलं, पुन्हा फरशीकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "रोज गोल पडतात. आज कोर पडली, कारन सूर्याची कोर झाली. म्हंजे मास्तर, झाडाखाली रोज जे पडतं ते ऊन न्हाई. तो सूर्यच हाय. हरेक ठिपका पूरा सूर्य."

सत्तरीकडे झुकलेला, मदरशात चार यत्ता शिकलेला माणूस हे बोलला. मी घड्याळात पाहिलं आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघालो.

पाच-सहा दिवसांनी उस्ताद शाळेत आले. याआधी ते कधी आले नव्हते. हातात छापाचा एक नमुना होता. कुणी न सांगता काढलेलं ते त्यांचं पहिलं चित्र असावं. कडुलिंब, त्याला टेकवलेला खराटा, एक पालथी घातलेली बादली, आणि सबंध फरशीवर कोरी. कुठे राहू नव्हता, सावलीचे त्रिकोण नव्हते. मी आजवर त्याहून खरं ग्रहण कागदावर पाहिलेलं नाही.

"ही बात माझी हाय," ते म्हणाले. "किताबमधी हे लावा. बाकी दोन्ही काढून टाका."

"चित्र छान आहे, उस्ताद. पण हे कुठल्याच पुस्तकात नाही."

"तुमी होते ना तिथं."

"होतो. पण मी होतो हा काही पुरावा नाही."

हे वाक्य मी बोललो. विज्ञानाचा मास्तर. जोशीबुवांनीसुद्धा इतकं मूर्ख वाक्य उभ्या आयुष्यात उच्चारलं नसेल.

तरी मी तो नमुना अध्यक्षांना दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला. "हे काय, फरशीवर काजू सांडलेत का?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले, आणि मीही हसलो. माझ्याबरोबर आलेले उस्ताद दाराशी उभे होते. त्यांनी नमुना मागून घेतला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

राहू आणि चंद्राचं पान मात्र त्यांनी काढलं नाही. मालकांनी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं. "उस्ताद, हात तर तुमचाच आहे ना, बात कुणाची का असेना?" उस्ताद म्हणाले, "आता हात बी न्हाई देत." मग त्यांनी आपलं अंगणाचं चित्र असलेला दगड हौदाजवळ नेला, वर वाळू-पाणी घातलं आणि दुसरा दगड फिरवून फिरवून स्वतःच घासून कोरा केला. छापखान्यात दगड मोजकेच असत. पंचांगाला तो लागणार होता. दगड पुसून जागेवर ठेवून ते निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. लेकीकडे धर्माबादेला गेल्याचं नंतर कळलं.

आमचं पान दुसऱ्या कुणीतरी काढलं. पुस्तक निघालं, गाजलं. अध्यक्षांचं भाषण झालं, मला शाल मिळाली. जोशीबुवांनी आशीर्वाद दिला आणि आपल्या पंचांगात आमचा चंद्र घ्यायची परवानगी मागितली. वार्षिक परीक्षेत मी ग्रहणावर प्रश्न घातला. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलानं उत्तर लिहिलं, 'ग्रहणाचे दोन प्रकार आहेत, शास्त्रीय आणि धार्मिक.' मी त्याला पूर्ण गुण दिले. पुस्तकात तसंच होतं.

धर्माबाद नांदेडहून रेल्वेनं काही फार लांब नाही. हैदराबादेला जाता-येता ते स्टेशन कितीतरी वेळा लागलं. मी कधी उतरलो नाही. निजाम गेला, राज्य बदललं, मी हेडमास्तर झालो, आणि एकदा तपासणीच्या कामासाठी तिथे उतरावंच लागलं. काम आटोपल्यावर विचारत विचारत त्यांचं घर शोधलं.

उस्ताद दोन वर्षांपूर्वीच गेले होते. जावयाचं बैलगाड्या रंगवायचं काम होतं. लेकीनं ओट्यावर सतरंजी टाकली, चहाचा कप पुढे ठेवला. अब्बा शेवटपर्यंत गाड्यांच्या फळ्यांवर फुलं काढत होते, असं तिनं सांगितलं. ग्रहण आलं की गल्लीतल्या लोकांना, कोंडून घेतलेल्या बायकांनासुद्धा, हाका मारून बाहेर काढत आणि झाडाखाली उभं करत. पहिल्यांदा लोक त्यांना वेडा म्हणाले. पुढे पुढे आपणहून येऊ लागले.

"नांदेडच्या लई गोष्टी सांगत," ती हसून म्हणाली. "जोशीबुवाचे दात, हजरतांची मछली. वकीलसाबची तर नक्कल करून दाखवत."

मीही हसलो. मग विचारलं, "आणि मास्तरांचं काही?"

"कौनसे मास्तर?"

मी माझं नाव सांगितलं. तिनं आठवून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. हातातला ब्रश न ठेवता त्यानंही मान हलवली.

"चाय पी लेव," ती म्हणाली, "ठंडी होरी."