रक्तगटाची पेटी रिकामी करताना

"बी निगेटिव्ह कोण आहे आपल्याकडे? लगेच सांगा," डॉक्टरीणबाई लॅबच्या दारातूनच म्हणाल्या. मी टेबलाकडे बघितलं. रक्तदात्यांची सगळी कार्डं मी सकाळीच पेटीतून काढून टेबलभर पसरली होती.

सत्तरच्या दशकात दौंडच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होतो. रक्त साठवायची सोय नव्हती. लागलं की गावातल्या दात्यालाच बोलवायचं. प्रत्येकाचं एक कार्ड: नाव, पत्ता, गट. पेटीत कार्डं गटाप्रमाणे लावलेली, त्यामुळे हवा तो माणूस क्षणात सापडायचा. पण दाते बहुतेक रेल्वेतले. बदल्या व्हायच्या, क्वार्टर बदलायचं. म्हणून वर्षातून एकदा पेटी रिकामी करून कार्डं वस्तीप्रमाणे लावायची आणि पत्ते तपासायचे, ही पद्धत माझ्याही आधीपासूनची. ते चालू असताना गटानुसार काही सापडत नसे.

आणि मी पेटी रिकामी केली, नेमकी त्याच दिवशी राहू गावाकडची एक बाई बाळंत झाली. रक्त थांबेना.

तिचा नवरा डॉक्टरीणबाईंच्या मागोमाग आत आला. "सायेब, माझंच घ्या की. कितीबी घ्या." मी त्याच्या रक्ताची तपासणी केली. जुळलं नाही. "म्हंजी माझं चालत न्हाई?" एवढंच बोलून तो भिंतीला टेकला.

सिस्टर आणि मी एकेक कार्ड चाळत बसलो. एरवी लगेच हाताला लागणारं कार्ड तेव्हा तपासलेल्या आणि न तपासलेल्या अशा दोन्ही गठ्ठ्यांत शोधावं लागत होतं. पहिलं कार्ड एका गार्डाचं निघालं. वॉर्डबॉय सायकलवर गेला आणि तसाच परत आला. गार्डाची सोलापूरला बदली झालेली. ते कार्ड न तपासलेल्या गठ्ठ्यातलं होतं.

दुसरं तपासलेल्या गठ्ठ्यात मिळालं. चंदनशिवे, फिटर, लोको शेड. नवा पत्ता मी सकाळीच लिहिला होता. फोरमननं त्यांना ड्युटीवरून सोडलं. ते तसेच आले; कपड्यांना ऑइल, हात काळे.

"आधी साबण द्या," ते म्हणाले, "मग काय घ्यायचं ते घ्या."

रक्त जुळलं. संध्याकाळपर्यंत बाईची नाडी सुधारली. मुलगीही ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. "ही वर्षाची साफसफाई बंद करा."

"बाई, बंद केली तर त्या गार्डासारखी कार्डं वाढतील. चंदनशिवे सापडले ते साफसफाईमुळंच."

"मग करायचं काय?"

"पेटी एकदम रिकामी करायची नाही. एका वेळी थोडीच कार्डं काढायची, तपासून परत लावायची, मग पुढची. निगेटिव्ह गटाचे दाते आधीच मोजके, त्यांची कार्डं तर बाहेर काढायचीच नाहीत. पेटीजवळ उभं राहूनच त्यांचे पत्ते बघायचे."

"काम लांबेल."

"लांबेल."

"आणि ऑपरेशनच्या दिवशी पेटीला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. ते मात्र मला सुचलं नव्हतं.

पूर्वी एका दमात उरकणारं काम मग वर्षभर रेंगाळायला लागलं. मला कंटाळा यायचा, पण दाता शोधताना पुन्हा कधी टेबल चाळावं लागलं नाही. नोंदी नीट ठेवायलाच हव्यात. फक्त त्या नीट होईपर्यंत पेशंट थांबणार नाही, हे धरून कामाला लागायचं.