काढलेल्या सुया

काकूंना सुईची सवय नव्हती असं कुणी म्हणू नये. कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून वीस वर्षं त्यांनी परक्यांच्या विजारी आखूड केल्या आणि परक्यांचे शर्ट सैल केले. त्यापायी उजवा खांदा असा आखडला की केस विंचरायला हात वर जाईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, तेलं झाली. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून त्या चिनी वैद्यकाच्या शाळेत गेल्या, आणि तिथल्या म्हाताऱ्या सरांनी सहा वेळा सुया टोचून खांदा मोकळा केला. बरं वाटलं की माणूस आभार मानतो आणि घरी जातो. काकूंनी तिथेच नाव घातलं. वय बेचाळीस.

नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, इतकी वर्षं कापडाला टोचत होतीस तोवर ठीक होतं. थोरल्या नणंदेने, म्हणजे वन्संनी, याहून कमी शब्दांत निकाल दिला: खूळ. वन्सं शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांचं मत हे मत नसायचं, शेरा असायचा.

काकू हे नाव वर्गाने ठेवलं. वर्गातली पोरं त्यांच्या निम्म्या वयाची. पहिलं वर्ष तर माणसाला हात लावायचीच बंदी. साबणाच्या वडीत सुई घाला, संत्र्यात घाला, कापसाच्या गुंडाळीत घाला. मग स्वतःच्या पायात, गुडघ्याखाली चार बोटं मोजून. इथवर काकू सगळ्यांच्या पुढे. हात स्थिर, सुई सरळ, दुखणं नाही. पोरं शेजारी बसून बघायची.

घोडं अडलं ते नाडीवर. चिनी वैद्यकात मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघतात, आधी हलकी, मग दाबून, आणि तिचे म्हणे अठ्ठावीस प्रकार. एक ताणलेल्या तारेसारखी लागते, एक ताटलीत मणी घरंगळावेत तशी. पोरं बोटं ठेवून म्हणायची, तार. सर म्हणायचे, बरोबर. काकू बोटं ठेवायच्या आणि त्यांना लागायचं ते एकच, धक धक. मग त्या काय करायच्या? माणसाचा चेहरा बघायच्या, जीभ बघायच्या, हा चिडका दिसतो म्हणजे तारच असणार असं ठरवायच्या आणि तसं लिहून मोकळ्या व्हायच्या. निम्म्या वेळा बरोबर यायचं. निम्म्या वेळा सर चष्म्यावरून बघून एकच वाक्य म्हणायचे, "काकू, तुमचं पेन बोटांच्या पुढे धावतं."

ऐकून ऐकून कान किटले. नाडीच्या परीक्षेत दोनदा आपटल्या, तिसऱ्यांदा कशाबशा सुटल्या. चार वर्षांचं शिक्षण सहा वर्षांवर गेलं. बरोबरची पोरं पाट्या लावून बसली. त्यातल्या एकीने काकूंना प्रेमाने विचारलं, अजून तिथेच का हो? काकू हसल्या आणि घरी येऊन भांडी अशी आपटली की नवरा न जेवताच बाहेर फिरून आला.

आता उरली होती फक्त वही. सरांच्या देखरेखीखाली दोनशे रुग्णांना सुया लावायच्या, प्रत्येकाची वहीत एक ओळ: नाव, जीभ, नाडी, घातलेल्या सुया, काढलेल्या सुया. शेवटी सरांची सही. सही असेल तर महिनाभरावरच्या शेवटच्या परीक्षेला बसायचं, नसेल तर नाही. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत एकच नियम: सुयांचा आकडा चुकला तर वही बाद. घरी बाहेरच्या खोलीत काकूंनी शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलं होतं, रुग्णांसाठी खाट आणली होती, मधला पडदाही शिवून टांगला होता. रोज सकाळी त्या तो पडदा उगीचच नीट करायच्या.

दोनशेवा रुग्ण म्हणून कोण यावं? वन्सं. तीन आठवडे डोकं ठणकत होतं, झोप नव्हती, डॉक्टरांच्या गोळ्यांनी पोट बिघडलं होतं. आल्या त्याही उपकार केल्यासारख्या. मला तुझ्या खुळावर विश्वास नाही, हे आधी सांगून ठेवते, म्हणाल्या आणि आडव्या झाल्या. काकूंनी जीभ बघितली, नाडी धरली, अंबाड्याची पिन काढायला लावली आणि अकरा सुया लावल्या. हातांना, पायांना, कपाळावर, आणि एक टाळूवर, दाट केसांत.

पुढची वीस मिनिटं रुग्णाने पडून राहायचं. काकूंनी वही उघडली. घातलेल्या: अकरा. पेन हातात होतं, ओळ शेवटची होती, सहा वर्षं डोळ्यांपुढे होती. त्यांनी शेजारच्या रकान्यातही लिहून टाकलं. काढलेल्या: अकरा. वर्गातली सगळीच कधी ना कधी असं करतात, ते वेगळं.

वीस मिनिटांनी सुया काढल्या, वन्सं अंबाडा बांधून गेल्या, सरांनी वही चाळून सही केली आणि ते वर आपल्या खोलीत निघून गेले. काकू गाणं गुणगुणत खाटा आवरू लागल्या. वापरलेल्या सुया एकेक करून डब्यात टाकताना सहज मोजल्या. दहा.

पुन्हा काय मोजणार, डब्यात हात थोडाच घालता येतो. चादर झटकली. उशी चाचपली. पडलेली सुई शोधायला तिथे काठीला बांधलेलं लोहचुंबक असतं, ते खाटेखाली दोनदा फिरवलं. काहीतरी टक्कन चिकटलं. काकूंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच त्यांनी बघितलं, ती सुई नव्हती. वन्संची केसांतली पिन होती.

केस. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं.

वन्संच्या घरापर्यंत दोन गल्ल्या त्या धावतच गेल्या. वन्सं आरामखुर्चीत गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. काकूंनी श्वास रोखून केस बाजूला केले. अंबाड्याच्या जरा पुढे, टाळूवर, सुई ताठ उभी. कापूस लावून त्यांनी ती काढली. रक्ताचा थेंबही नाही. वन्सं जाग्या झाल्या, काकूंच्या हातातली सुई बघितली आणि लगेच समजल्या. मुख्याध्यापिकाच त्या.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तीन आठवड्यांनी डोकं शांत झालेलं, त्यामुळे बाई एकदम समंजस झाल्या. म्हणाल्या, "सही झाली ना? मग गप्प बस. सुई माझ्या डोक्यात होती, माझी काही तक्रार नाही."

आता सांगा, जन्मात कधी या बाईने काकूंची बाजू घेतली नाही, आणि घेतली तीही नेमकी नको तेव्हा. नवराही तेच म्हणाला. काकूंनाही तेच पटत होतं. पण वही उघडली की तो अकराचा आकडा डोळ्यात खुपायचा. काढलेल्या अकरा! तो लिहिला तेव्हा एकही सुई निघालेली नव्हती. सकाळी पडदा नीट करायला हात गेला आणि काकूंना स्वतःचाच असा संताप आला की वही उचलून त्या चपला घालून निघाल्याच.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. आधी विचारलं, रुग्ण कसा आहे. मग वही मागितली.

"सर, मी सांगितलं नसतं तर तुम्हाला कळलं असतं?"

"नसतं कळलं."

"म्हणजे गप्प बसले असते तर वही पास झाली असती."

"हो," सर म्हणाले, "झाली असती." आणि आपल्या सहीवर शांतपणे आडवी रेघ मारली. मग कपाटातून कोरी वही काढून पुढे ठेवली. परीक्षा आता पुढल्या वर्षी.

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. काकूंचं काही हलकं झालं नाही. पंधरा दिवस त्या शाळेकडे फिरकल्या नाहीत. मशीन पुन्हा खोलीच्या मधोमध आणलं आणि खाटेवर कपड्यांचा ढीग घातला. नवऱ्याने एकदा चुकून म्हटलं, कुणी सांगितला होता शहाणपणा? त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी फक्त ताट बोललं.

सोळाव्या दिवशी वन्सं दारात. डोकं पुन्हा धरलं होतं. म्हणाल्या, तुझ्या त्या सरांकडे गेले होते, तर म्हणतात तुमच्या डोक्याची माहिती काकूंनाच आहे. चल. काकू म्हणाल्या, माझी वही बाद झालीय, दुसऱ्या कुणाकडून लावून घ्या. वन्संनी छत्री दाराला टेकवली आणि म्हणाल्या, "इतरांनी चूक केली असती तर आपण होऊन सांगितली असती का?"

काकू उठल्या. रागातच उठल्या, शाळेपर्यंत वन्संच्या पुढे चालल्या, कोरी वही अशी उघडली की पान फाटायचं राहिलं. वन्संच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. पेन टेबलावर, हाताला येणार नाही असं लांब. चेहऱ्याकडे बघितलं नाही. बराच वेळ नुसती धक धक. मग दाबल्यावर खाली काहीतरी बारीक, ताठ. तार होती की नव्हती, कुणास ठाऊक. त्यांनी लिहिलं: नक्की कळत नाही.

सर खाटेपाशी आले, वन्संच्या मनगटावर स्वतः बोटं ठेवून बघितली, वहीतली ओळ वाचली आणि पुढच्या खाटेकडे गेले. नाडी ओळखता आली नव्हती, तरी सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पेनचं नाव काढलं नाही.

अकरा सुया लागल्या, टाळूवरची धरून. घातलेल्या: अकरा. वीस मिनिटं काकू शेजारी स्टुलावर बसून राहिल्या. वन्संना गप्प पडून राहणं कधी जमलंय? मान न हलवता त्यांनी वहीकडे तिरकं बघितलं आणि विचारलं, पुढचा रकाना रिकामा का सोडलास?

"अजून काढल्या नाहीत, वन्सं," काकू म्हणाल्या.