माझ्या भावाला मी उपमहापौर केलं

आता तुम्ही विचारलंच आहे तर सांगतो. पण आधी चहा संपवा, मधेच हसू आलं तर ठसका लागेल. आणि हसा बिनधास्त! घरात दुखवटा आहे म्हणून तोंड पाडून बसू नका. गाढवपणा मी केलाय, दादानं नाही.

दादा म्हणजे संतोष, माझा थोरला भाऊ. कूलर मिस्त्री. उन्हाळाभर कूलर, थंडीत गिझर, पावसाळ्यात जे बिघडेल ते. पुंडलिकनगरपासून गारखेड्यापर्यंत कुणाच्या कूलरला कुठला पंप बसवलाय, हे त्याला तोंडपाठ होतं. मार्च संपता संपता एका गच्चीवर कूलर जोडायला चढला आणि करंट बसला. जिन्यानं चढलेला माझा भाऊ जिन्यानं उतरला नाही. त्याला उतरवला. एकतीस वर्षांचा होता.

मी धाकटा. सातवीत मी शाळा सोडली, म्हणजे खरं तर शाळेनं मला सोडलं. माझं कसंय, आधी हात चालतो, मग विचार येतो. तोसुद्धा पायी पायी येतो.

तिसऱ्या दिवशी मी दुकानातून दूध घेत होतो. मागं दोघं उभे होते. एक म्हणाला, "त्या गल्लीत मांडव कशाचा रं? कोण गेलं?" दुसरा म्हणाला, "कुणी नाय. कूलरवाला."

कुणी नाय! कूलरवाला!

माझा हात उठला होता, पण हातात दूध होतं. घरी आलो, दूध आईकडं दिलं आणि ठरवलं, माझा भाऊ कुणीतरी होता हे या शहराला दाखवायचंच. तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

दादा संध्याकाळी कामावरून आला की तासभर मोबाईल घेऊन बसायचा. आई विचारायची, "कुणाशी बोलतोस एवढं?" तो हसून म्हणायचा, "मीटिंग हाय." मलाही दोन-तीनदा म्हणाला होता, "ये पिंट्या, आमचं शहर दाखवतो तुला." मी म्हणालो, "नंतर." आता ते नंतर कुठून आणू, सांगा मला.

तर मी त्याचा मोबाईल उघडला. त्यात एक ग्रुप होता, 'आपलं शहर : पदाधिकारी'. मी बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'संतोष वारला. मी त्याचा भाऊ.' आणि धडाधड उत्तरं यायला लागली.

महापौर मॅडमनी लिहिलं, 'विश्वास बसत नाही. शहरात तीन दिवसांचा दुखवटा जाहीर करते.'

कॅप्टननं लिहिलं, 'उद्या आपल्या विमानतळावरून एकही विमान उडणार नाही.'

डॉक्टरनं लिहिलं, 'माझ्या हॉस्पिटलला त्यांचंच नाव देणार.'

मी भिंतीला टेकून बसलो. तीन दिवस दुखवटा! विमानं बंद! माझ्या भावासाठी! आणि आम्हाला पत्ताच नाही! दुसऱ्या दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळाकडून एक विमान आमच्या डोक्यावरून गेलं, तर मी मनाची समजूत काढली, हे दुसऱ्या कंपनीचं असेल.

तुम्ही म्हणाल, अरे येड्या, आपल्या शहराचा महापौर कोण हे तुला माहीत नाही? नाही माहीत! मला आमचा पाणी सोडणारा माहीत आहे, बाकीच्यांशी काय काम? मला वाटलं, या बाई दुसऱ्या कुठल्या शहराच्या असतील आणि दादानं त्यांच्या बंगल्यातला कूलर दुरुस्त केला असेल. चांगल्या कामानं ओळख वाढते.

मी परत लिहिलं, 'दादाचं बॅनर चौकात लावायचंय. तुमची नावं टाकू का? दादाचं पद काय लिहू?'

मॅडमचं उत्तर आलं, 'उपमहापौर लिहा. सात मतांनी निवडून आले होते, हक्काचं पद आहे. आमची नावं पदासकट टाका. मुख्य चौकात लावा, मोठं लावा.'

उपमहापौर! दादा आणि उपमहापौर! लपवून ठेवलं त्यानं, मी मनात म्हटलं. लाजाळूच होता तो. मी सगळ्यांना दादाच्या नावानं रविवारी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाचं आमंत्रण दिलं, पत्ता पाठवला आणि निघालो शकीलभाईंच्या बॅनरच्या दुकानात.

शकीलभाईंनी दादाचा फोटो लावून मजकूर आधीच तयार ठेवला होता. फोटोत दादा नेहमीच्या चौकड्याच्या शर्टात, खिशात टेस्टर. खाली लिहिलेलं, 'सर्वांचे लाडके कूलर मिस्त्री'.

मी म्हणालो, "हे काढा."

"कायकू? मिस्त्रीच था ना वो? मेरी दुकान का कूलर देख, आजतक आवाज नहीं करता."

"कूलरनं त्याला मारलं, शकीलभाई. ते नाव नको बॅनरवर."

असं मी म्हणालो. पण तुमच्यापासून काय लपवू? राग होता तो अर्धाच होता. अर्धी लाज होती. दुधाच्या दुकानातलं ते 'कुणी नाय' कानातून जात नव्हतं.

"फिर क्या लिखूं?"

"उपमहापौर."

शकीलभाईंनी चष्मा काढला. "मियाँ, हौला हो गया क्या तू?"

मी मोबाईल पुढं केला. त्यांनी सगळं वाचलं, मान खाजवली. "लिखा तो है. पण पूछ ले बेटा एकबार, किधर के उपमहापौर."

"विचारायचं काय त्यात? मॅडमनी स्वतः लिहिलंय."

"बरं. मग कोट घालूं? उपमहापौर को कोट लगता. मयत को काला घालते, बर्थडे को नीला."

घातला काळा कोट. लाल टाय. खिशातला टेस्टर खोडला. केस मागं वळवले, रंग दोन हात उजळ केला. खाली ओळीनं, 'शोकाकुल : मा. महापौर, मा. कॅप्टन, मा. डॉक्टर'. चौकात बॅनर चढलं आणि मी आईला हाताला धरून दाखवायला नेलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कोण हाय हे?"

"आई, दादा हाय!"

"व्हय का?" ती अजून जवळ गेली. "बँकेतल्या साहेबावानी दिसतोय." पदर तोंडाला लावला आणि घरी निघाली. मला वाटलं, अभिमानानं भरून आलं तिला. बघा माझं डोकं!

रविवार उजाडला. महापौर येणार ही बातमी गल्लीभर झालेली. मी दोन रिक्षा हलवायला लावल्या, लाल दिव्याची गाडी कुठं उभी करायची म्हणून. लग्नाच्या हॉलमधून सोफा आणला. आत्याला आणि मावशीला पुढून उठवून मागं बसवलं. आमच्या वार्डातले नगरसेवकपदाचे एक इच्छुक आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. दादा आजारी असता तर आले नसते, पण महापौर म्हटल्यावर कडक इस्त्रीत, मोठा हार घेऊन सगळ्यात आधी हजर.

"पिंटूशेठ," ते माझ्या कानात म्हणाले. जन्मात पहिल्यांदा मला कुणी शेठ म्हणालं. "मॅडम कोणत्या पक्षाच्या?"

"मोठ्या पक्षाच्या."

"मग थांबू. त्यांच्याशिवाय सुरू नको."

आणि मी भंतेजींना थांबवलं! भंतेजी शांतपणे म्हणाले, "बाळा, सगळं अनित्य आहे हे खरं, पण मला दोन वाजता दुसरीकडंही जायचंय."

एक गोष्ट मात्र मला सारखी टोचत होती. मला वाटलं होतं, चौकातलं बॅनर बघून दादाची गिऱ्हाइकं येतील. इतकी घरं सांभाळली त्यानं. मागच्या सगळ्या खुर्च्या त्यांच्यासाठी मांडल्या होत्या. एकही आलं नाही. मी मनात शिव्या घातल्या, स्वार्थी लोक! कूलर चालू झाला की मिस्त्री मेला काय, जगला काय.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. तीन माणसं उतरली. एक पन्नाशीच्या बाई, डोक्यावरून ओढणी, हातात केळीची पिशवी. एक काटकुळा माणूस. एक जाड भिंगाचा तरुण.

मी ओरडलो, "ओ, रिक्षा मागं घ्या! महापौर येणारेत!"

बाई जागीच थांबल्या. हळूच म्हणाल्या, "मीच आहे बेटा."

नाना अर्धे उठले, तसेच राहिले.

"तुम्ही? कुठल्या महापौर?"

"आमच्या शहराच्या. ते मोबाईलमधलं शहर." त्यांनी ओढणी सारखी केली. "आपण आपला माणूस बनवायचा, घर घ्यायचं, काम निवडायचं, निवडणूक लढवायची. रोज संध्याकाळी सगळे भेटतो तिथं. मी रुखसाना. गारखेड्यात साड्यांना फॉल-पिको करते."

"आणि कॅप्टन?"

काटकुळा माणूस म्हणाला, "मी सुनील. विमानतळावर ट्रॉल्या गोळा करतो. विमानाच्या जवळ जातो रोज, आत कधी बसलो नाय."

जाड भिंगाच्या तरुणाकडं मी बघितलं. त्यानं आपणहून हात वर केला. "कंपनीत डब्यांवर स्टिकर लावतो."

नानांनी आपला हार बघितला, रुखसाना आपांना बघितलं. "अहो, आमच्या घरच्या साड्या तुमच्याकडंच येतात की!" म्हणाले. मग हार सोफ्यावर ठेवला आणि फोन आल्यासारखं करून निघाले ते निघालेच. मागून आत्या म्हणाली, "आता तरी आम्ही पुढं बसावं का, शेठ?" आणि अख्खा मांडव हसला. पुण्यानुमोदनाला! माझ्या दादाच्या! हसू दाबायला भंतेजींनी चीवर सारखं केलं. मी स्वतः बघितलं.

मी रुखसाना आपांवरच चिडलो. "मग बॅनरवर उपमहापौर लिहा असं कशाला सांगितलंत?"

"आम्हाला वाटलं, तू आमच्या चौकात लावतोयस. मोबाईलमधल्या. आम्ही तिथं रोज जाऊन बघत होतो, अजून कसं लागलं नाही म्हणून. आज रिक्षातून येताना इथला चौक बघितला, तेव्हा कळलं."

सुनील म्हणाला, "पण त्याचं खरं काम तू लिहिलंच नाहीस की."

"कुठलं खरं काम?"

"कूलरचं. अरे, तिथं आम्ही कुणीच सांगत नाय, बाहेर काय करतो ते. मी कॅप्टन, हा डॉक्टर, बास. कोण ट्रॉलीचं सांगल? संतोष एकटा असा, पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, 'मी कूलर मिस्त्री हाय, कुणाचा बिघडला तर सांगा.' माझा त्यानंच केला. ह्याचा बी. नावाखाली तसंच लिहायचा तो. उपमहापौर, आणि त्याच्या आधी कूलर मिस्त्री."

रुखसाना आपा म्हणाल्या, "म्हणून तर मतं पडली त्याला. आम्ही सगळे खोटे. म्हटलं, एक तरी खरा असू दे."

ज्या नावानं माझा भाऊ परक्यांसमोर ताठ मानेनं उभा राहिला, ते नाव मी शकीलभाईंना 'काढा' म्हणालो होतो. टेस्टरसकट.

भंतेजींनी त्रिसरण सुरू केलं. त्या तिघांना मी सोफ्यावर बसा म्हणालो, तर ते आत्याच्या शेजारी सतरंजीवर बसले. सोफा रिकामाच राहिला, त्यावर नानांचा हार.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचा मोबाईल वाजला. नाव आलं, 'मोरेबाई, गारखेडा'.

"हॅलो संतोष? अरे, कूलरचं पाणी वर चढत नाहीये बघ. येतोस ना आज?"

बाई आपल्याच नादात. त्या शाळेतून रिटायर झालेल्या, त्यांना उत्तराची गरज नसते.

"आणि मागच्या रस्त्यानं येऊ नकोस, खोदून ठेवलाय. चौकातून ये. तिथं कुणा उपमहापौरांचं बॅनर लागलंय बघ मोठं, त्याच्या डाव्या हाताला वळ. वारले म्हणे. तुझ्याच नावाचे, तरुण होते रे बिचारे. भाजी घेऊन येताना दोन मिनिटं उभी राहिले मी तिथं."

मग मला कळलं, मागच्या खुर्च्या रिकाम्या का राहिल्या. सगळी गिऱ्हाइकं त्या चौकातूनच ये-जा करत होती. वर बघत होती, हळहळत होती आणि घरी जाऊन दादाची वाट बघत होती.

"बाई," मी कसाबसा म्हणालो, "तो संतोषच हाय."

"कोण?"

"बॅनरवरचा. करंट बसला त्याला. मी त्याचा भाऊ बोलतोय."

पलीकडून बारीक आवाज आला, "अरे, मी दोन मिनिटं उभी होते त्याच्यासमोर. ओळखलंच नाही रे मी त्याला."

"चूक तुमची नाय बाई. बॅनर मी केलं."

बाई रडल्या. मीही रडलो, दहा दिवसांत पहिल्यांदा. मग त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "भाऊ म्हणजे धाकटा का तू? पिंटू?"

"व्हय."

"तुझ्याबद्दल फार सांगायचा. पंप उघडून बसला की तुझंच सुरू. म्हणायचा, 'बाई, माझं काय, मी आपला कूलरवाला. पण आमचा धाकटा लई हुशार हाय!'"

आता बोला! गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलत नाही, असं अख्ख्या गारखेड्यात नाव होतं माझ्या दादाचं. आणि बोलला तर केवढं मोठं बोलला बघा.